लुआंटी गेमच्या नकाशात स्वतःचा जलाशय कसा तयार करायचा?



गेममध्ये पाणी टाकायला काय लागतं? बादली उचलायची, ओतायची, झालं. एका खड्ड्यापुरतं ते खरंच तेवढंच असतं. पण नकाशावर आख्खं तळं, नदी किंवा धरणाचा जलाशय आणायचा म्हटलं की बादलीने भागत नाही. तिथे मॉड लिहावा लागतो. आणि मॉड लिहायला बसलं की पाणी म्हणजे नेमकं काय, ते कुठे थांबतं, कुठून आत शिरतं, हे कॉम्प्युटरला समजेल इतकं स्पष्ट सांगावं लागतं.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे आमच्या नववीतली एक मुलगी. संगणकाचा तास संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, “सर, आमचं जुनं गाव धरणात गेलंय. आजी सारखी सांगत असते. ते गेममध्ये बांधता येईल का? आणि त्यात पाणी हळूहळू चढवता येईल?” मी ‘येईल की, त्यात काय’ म्हणून मोकळा झालो. पुढचे दोन महिने आमचे शनिवार त्यातच गेले. त्या शनिवारांत जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे सांगतो. तुम्हाला धरणच करायचं असेल असं नाही. गावचं तळं असो, शेततळं असो की किल्ल्यावरचं टाकं, पद्धत हीच.

कोडच्या ओळी मी मुद्दाम देत नाही. कोड दिला की तुम्ही तो उचलून चिकटवता आणि चाललं नाही की ‘सर, एरर येतोय’ एवढंच सांगता. इथे फक्त विचार मराठीत मांडतो. तो समजला की कोड लिहिणं हे भाषांतराचं काम उरतं.

लुआंटीची ओळख

लुआंटीचं आधीचं नाव माइनटेस्ट. पेर्तू अहोला या फिनलंडच्या प्रोग्रामरने २०१० साली ते सुरू केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदलून लुआंटी झालं. फिनिश भाषेत ‘लुओंती’ म्हणजे निर्मिती, आणि मॉड लिहायची भाषा आहे लुआ. दोन्ही मिळून हे नाव. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. नेमकं बोलायचं तर लुआंटी हा गेम नसून गेम चालवणारं इंजिन आहे. त्यावर वेगवेगळे गेम बसवता येतात. आम्ही त्यातला सर्वांत साधा, ‘माइनटेस्ट गेम’ नावाचाच, घेतला.

या जगात सगळं ठोकळ्यांचं. माती, दगड, हवा, पाणी, प्रत्येक गोष्ट एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा ठोकळ्यात मावते. ठोकळ्याला ‘नोड’ म्हणतात. प्रत्येक नोडला तीन आकड्यांचा पत्ता असतो : एक्स, वाय आणि झेड. खेळताना एफ-फाइव्ह दाबलं की तुम्ही कुठे उभे आहात ते आकडे दिसतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गणिताच्या पुस्तकात झेड अक्ष वर जातो, इथे वाय वर जातो. पहिल्या शनिवारी आम्ही नेमकं तेच विसरलो आणि आमचं अर्धं गाव भिंतीसारखं उभं राहिलं. देऊळ त्या भिंतीला आडवं चिकटलेलं. मुलं पोट धरून हसली.

प्रत्येक गेममध्ये पाणी असं ठोकळ्यांचंच असतं असं नाही. २००४ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’मध्ये (हा मोठ्यांचा गेम आहे, शाळेतला नाही) पाण्याची सगळी माहिती ‘वॉटर डॉट डॅट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. तिथे एकेका ओळीत तीन किंवा चार कोपऱ्यांचे पत्ते आणि उंची दिलेली असते. म्हणजे तिथलं पाणी म्हणजे टेबलावर अंथरलेली चादर. त्या चादरीखाली जे येईल ते पाण्यात. नवीन तळं हवं असेल तर एक ओळ वाढवायची. लुआंटीत तसं नाही. इथे तळं म्हणजे पाण्याच्या ठोकळ्यांची रास, आणि प्रत्येक ठोकळा स्वतःच्या नियमाने वागतो. त्यामुळे काम वाढतं, पण शिकायला जास्त मिळतं.

पाण्याच्या ठोकळ्याचे नियम

लुआंटीत पाणी दोन प्रकारचं असतं : स्रोत-पाणी आणि वाहतं पाणी. तुम्ही बादलीतून ओतता ते स्रोत. त्याच्या शेजारी मोकळी जागा असेल तर त्यातून वाहतं पाणी तयार होतं. सपाट जमिनीवर ते जास्तीत जास्त आठ ठोकळ्यांपर्यंत पसरतं आणि पसरताना उतरत जातं. वाटेत खड्डा किंवा कडा आली तर खाली कोसळतं आणि तिथून पुन्हा नव्याने पसरायला लागतं. स्रोत काढून घेतला की वाहतं पाणी आटतं. आपोआप.

आता गंमत बघा. स्रोत कितीही वाहिला तरी संपत नाही. शिवाय एखाद्या मोकळ्या जागेच्या शेजारी दोन स्रोत आले तर त्या जागीही नवा स्रोत जन्माला येतो. दोन बादल्यांत विहीर, आणि त्या विहिरीतून हव्या तेवढ्या बादल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलांना हा नियम सांगितला तेव्हा एक जण म्हणाला, “सर, हे तर चीटिंग आहे.” बरोबरच आहे त्याचं. खऱ्या पाण्याचा पहिला नियम म्हणजे ते नव्याने जन्माला येत नाही, आणि गेमने सोयीसाठी तोच मोडलाय. पुढे हिशोब करताना आपल्याला हे आठवावं लागणार आहे.

पाणी आपोआप जन्मण्याचा त्रास गेम बनवणाऱ्यांनाही झालेला आहे. माइनटेस्ट गेममध्ये नदीचं पाणी हा एक वेगळा नोड आहे. तो दोनच ठोकळे पसरतो आणि स्वतःहून नवा स्रोत तयार करत नाही. बनवणाऱ्यांनी त्याचं कारण कोडमध्येच लिहून ठेवलंय : उताराच्या नदीत नेहमीचं पाणी वापरलं तर स्रोत आडवे पसरत जातात, काठ ओलांडतात आणि पूर येतो. आम्ही हे वाचलं ते पूर येऊन गेल्यावर. आमचं नदीपात्र पायरीपायरीने उतरणारं होतं आणि त्यात साधं पाणी भरलं होतं. एका पायरीवरून पाणी खालच्या शेतात गेलं, तिथे दोन-दोन स्रोतांमध्ये नवे स्रोत झाले आणि चहापाणी करून येईपर्यंत उसाचा फड पाण्याखाली.

स्वतःचं पाणी

तर मॉड. मॉड म्हणजे एक फोल्डर. त्यात किमान दोन फाइली असतात. ‘मॉड डॉट कॉन्फ’मध्ये मॉडचं नाव आणि तो कोणत्या दुसऱ्या मॉडवर अवलंबून आहे ते लिहायचं. ‘इनिट डॉट लुआ’मध्ये प्रत्यक्ष कोड. मॉडचं आणि नोडचं नाव इंग्रजी लहान लिपीत, आकडे आणि खालची रेघ एवढंच वापरून लिहावं लागतं, देवनागरी चालत नाही. नोडच्या नावाआधी मॉडचं नाव आणि मध्ये अपूर्णविराम, ही पद्धत आहे. घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर, असं समजा.

इनिट फाइलमध्ये आपण इंजिनला सांगतो की ‘असा असा एक नवीन नोड नोंदवून घे’. पाण्यासाठी नेहमी दोन नोंदी लागतात, एक स्रोताची आणि एक वाहत्याची. दोन्ही नोंदींमध्ये एकमेकांची नावं द्यायची : माझं वाहतं रूप हे, माझा स्रोत तो. मग गुणधर्म येतात.

‘वॉकेबल’ खोटं ठेवायचं. हे विसरलात तर माणूस पाण्यावरून चालत जाईल. ‘ड्राउनिंग’ म्हणजे श्वास संपल्यावर किती इजा व्हायची, ते एक ठेवायचं. ते शून्य राहिलं तर तळाशी बसून डबा खाता येईल. ‘बिल्डेबल टू’ खरं ठेवलं तर पाण्याच्या जागी थेट दुसरा ठोकळा ठेवता येतो, म्हणजे भराव घालता येतो. दाटपणाला शून्य ते सात असे आकडे आहेत. पाण्याला एक, लाव्हाला सात. आणि डोकं पाण्याखाली गेल्यावर नजरेसमोर जो रंग येतो त्याचेही आकडे असतात. माइनटेस्ट गेमच्या साध्या पाण्यात ते लाल ३०, हिरवा ६०, निळा ९० असे आहेत आणि दाटी १०३, सगळे २५५ पैकी. आमच्या मुलीला हा निळा पसंत पडेना. “पावसात पहिलं पाणी येतं ते चहासारखं असतं, सर.” मग लाल आणि हिरवा वाढवला, निळा उतरवला, दाटी २०० केली. हातभर पुढचं दिसेना. “आता बरोबर,” म्हणाली.

राहिले दोन महत्त्वाचे गुणधर्म : किती लांब पसरायचं आणि नवा स्रोत होऊ द्यायचा की नाही. आम्ही पहिला शून्य केला आणि दुसरा बंद. आता हे पाणी जिथे ठेवू तिथेच राहतं. त्याचा तोटाही आहे. शेजारची माती खणली तरी पाणी हलत नाही, उभ्या काचेसारखं थबकून राहतं. वाहत्या नदीसाठी असलं पाणी कामाचं नाही. पण जलाशयाची पातळी आपणच ठरवणार असू तर इंजिनला त्यात हात घालू न देणं चांगलं, असं माझं मत. दोघांनी एकच काम करायला घेतलं की घोळ होतो.

जमीन आधी, पाणी नंतर

पाणी भरायला खोलगट जमीन हवी, आणि इथे आम्ही असे अडकलो की पंधरा दिवस पाण्याला हातच लागला नाही.

मी सुचवलं होतं की उंचीची माहिती उपग्रहाच्या आकड्यांतून घेऊ. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एका अवकाशयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती मोहीम ‘एसआरटीएम’ नावाने ओळखली जाते. साधारण ३० मीटरच्या चौकटीला एक उंची, अशी ती माहिती आज मोफत मिळते. ती उतरवली, गावाच्या जागी गेलो, आणि काय? सपाट. एकसारखा आकडा दूरवर. मला वाटलं फाइल बिघडली.

फाइल बिघडलेली नव्हती. रडारच्या लहरी पाण्याच्या पृष्ठभागावरून परत येतात, तळापर्यंत पोचत नाहीत. धरण भरलं सत्तरच्या दशकात आणि मोजणी झाली २००० साली. त्यामुळे नदी, घाट, देऊळ, घरं यांच्या जागी नुसती पाण्याची पातळी नोंदली गेली. उपग्रहाच्या माहितीत ते गाव नाहीच. मुलगी काही बोलली नाही. मीही नाही.

म्हणजे धरणाच्या आधीचा नकाशा हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे तुम्ही भूगोलात पाहिलेत. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. तसा एक जुना नकाशा ओळखीच्या निवृत्त अभियंत्यांकडे मिळाला. आम्ही गावाभोवतीचा ४०० मीटर बाय ४०० मीटरचा चौकोन घेतला. या प्रमाणात तो कागदावर केवढा होतो माहिती आहे? आठ मिलिमीटर बाय आठ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा. त्यातून दोन समोच्च रेषा जात होत्या.

दोन रेषांच्या मधली जमीन मग प्रमाणाने काढली. समजा ५४० ची रेषा आणि ५६० ची रेषा यांच्यामध्ये २०० मीटर अंतर आहे. चढ २० मीटरचा. म्हणजे दर १० मीटर चालल्यावर जमीन एक मीटर वर, गेममध्ये दर दहा ठोकळ्यांनी एक पायरी. हे सातवीचं गणित आहे, फक्त इथे त्यावर गाव उभं राहतं. चौकोनावर दर २० मीटरला एक बिंदू घेतला तर एका बाजूला २१ बिंदू होतात, एकूण ४४१. मुलांनी वाटून घेऊन ४४१ उंच्या तक्त्यात भरल्या आणि मधल्या ठोकळ्यांचं काम मॉडवर सोडलं. समुद्रसपाटीपासूनची ५४० मीटर उंची आम्ही गेमचा शून्य मानली. म्हणजे ५६५ मीटर म्हणजे वाय बरोबर २५.

पण अशी जमीन गुळगुळीत येते. ओढा नाही, बांध नाही, घळ नाही. २० मीटरच्या रेषांमध्ये पाच मीटरचा ओढा सहज हरवतो. तिथून पुढे आजीच आमचा नकाशा झाल्या. एका शनिवारी नात त्यांना घेऊन आली. पडद्यासमोर खुर्ची दिली. “गुरुजी, हे काय, चौकोन चौकोन,” एवढं म्हणाल्या आणि मग बोटाने दाखवायला लागल्या. देवळाच्या पायऱ्या किती? सतरा. नदी शेवटच्या पायरीला लागायची की खाली असायची? उन्हाळ्यात पार खाली, श्रावणात चौथ्या पायरीला. घरामागे ओढा, त्यात उतरायला लागायचं, माणूस उभा राहिला तर वरून डोकं दिसायचं नाही. म्हणजे खोली दोन ठोकळे. अशा भाषेतून आकडे काढणं ही कला आहे. तुमच्या घरात जुनी माणसं असतील तर करून बघा.

रिकाम्या जगात आपलीच जमीन उभारायची असेल तर नवीन जग तयार करताना ‘सिंगलनोड’ हा नकाशा-प्रकार निवडा. तो सगळीकडे फक्त हवा देतो. त्याचा एक धोका आम्ही भोगला. आमचा ४०० मीटरचा तुकडा हवेत तरंगत होता आणि त्याच्या चारी कडांना काही नव्हतं. चाचणी म्हणून साधं पाणी ओतलं तर ते नदीतून वाहत जगाच्या कडेवरून कोसळायला लागलं. दृश्य फार सुंदर होतं, मुलांनी स्क्रीनशॉट काढले. पण तुमच्या तुकड्याला चहूबाजूंनी दगडाची भिंत घाला.

पाणी भरणं : सोपी चुकीची पद्धत आणि योग्य पद्धत

सोपी पद्धत सगळ्यांना सुचते. चौकोनातला प्रत्येक ठोकळा तपासायचा. त्याची उंची पातळीपेक्षा कमी किंवा तेवढीच आहे आणि तिथे हवा आहे? मग तिथे पाणी ठेव. पाच ओळींचा कोड. तो चालतो, आणि चुकतो.

कुठे चुकतो? टेकडीपलीकडे एक खोलगट भाग आहे, पण नदीपासून तो उंच सोंडेने तुटलेला आहे. पाणी तिथे जाणार कसं? कोडला त्याची फिकीर नाही. उंची कमी म्हणजे पाणी, बस्स. त्याने बंद घरांच्या आतल्या खोल्याही भरल्या आणि जमिनीखाली मुलांनी गुपचूप खणलेलं एक भुयारसुद्धा.

योग्य पद्धतीला ‘फ्लड फिल’ म्हणतात. पेंट प्रोग्राममध्ये रंगाचा डबा ओतल्यावर रंग बंद आकारातच पसरतो, तेच हे. नदीतला एक ठोकळा सुरुवात म्हणून द्यायचा. त्याच्या चार बाजू, वर आणि खाली असे सहा शेजारी बघायचे. जो शेजारी हवा आहे आणि पातळीच्या वर नाही, त्यात पाणी भरायचं आणि त्याचं नाव एका रांगेत लिहायचं. मग रांगेतला पुढचा घ्यायचा, त्याचे शेजारी बघायचे. रांग संपली की काम संपलं. ज्या जागेला नदीपासून वाट नाही तिथे पाणी पोचत नाही.

काही मुलांनी हे रांगेऐवजी फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून केलं. पुस्तकात तसं असतं, दिसायला छोटं आणि देखणं. छोट्या डबक्याला ठीक. पण मोठ्या जलाशयात एकात एक इतकी बोलावणी अडकतात की ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ म्हणून प्रोग्राम मान टाकतो. रांगच वापरा.

आता वेग. आमचा चौकोन ४०० बाय ४०० आणि उंची ४८ धरली तर ठोकळे होतात ७६,८०,०००. एकेक ठोकळा ‘सेट नोड’ने बसवत गेलात तर गेम गोठल्यासारखा होतो, कारण प्रत्येक वेळी इंजिन प्रकाश तपासतं, शेजारचं पाणी तपासतं. त्यासाठी ‘व्हॉक्सेल मॅनिप’ नावाची सोय आहे. नकाशाचा एक मोठा तुकडा यादी म्हणून उचलायचा, यादीत बदल करायचे आणि सगळं एकदम परत लिहायचं. दुकानात एकेक वस्तूसाठी खेपा घालण्यापेक्षा यादी घेऊन जाण्यासारखं. मात्र आख्खा चौकोन एकदम उचलला तर मेमरी कमी असलेला कॉम्प्युटर धापा टाकतो. आम्ही ८० बाय ८० चे २५ तुकडे केले. फ्लड फिलचा हिशोब मात्र तुकड्यांत करायचा नाही, तो ४४१ उंच्यांवरून आलेल्या जमिनीच्या यादीवर आधी पूर्ण करून घ्यायचा आणि मग निकाल तुकड्यातुकड्याने नकाशावर लिहायचा. नाहीतर तुकड्याच्या शिवेवर पाणी अडतं आणि मुलं तासभर कोडमधली चूक शोधत बसतात.

साधं पाणी वापरत असाल तर शेवटी ‘अपडेट लिक्विड्स’ सांगावं लागतं, म्हणजे इंजिन वाहणं सुरू करतं. आमच्या न वाहणाऱ्या पाण्याला ती गरज नव्हती.

एकेक मीटर

शेवटी चॅटमध्ये लिहायची एक आज्ञा नोंदवली : ‘पातळी’ आणि पुढे आकडा. आकडा दिला की मॉड आधीचं आपलं पाणी काढतो, नव्या पातळीपर्यंत फ्लड फिल करतो आणि किती ठोकळे भरले ते सांगतो.

आजी पुन्हा आल्या. नात आकडे टाकत होती. पाच. आठ. दहा. नदी पात्राबाहेर आली, घाट गेला, खालची शेतं गेली. चौदाला देवळाच्या पायऱ्या संपल्या. पंधरा, सोळा. घरासमोरचा रस्ता उंच होता, त्याच्या अलीकडे पाणी थांबलेलं. सतरा टाकले आणि परसात पाणी दिसलं. समोरचा रस्ता अजून कोरडाच होता.

मुलं ओरडली, “सर, बग आहे! पाणी उडी मारून गेलं.”

आजी म्हणाल्या, “बग का काय ते न्हाई. मागनंच आलतं पाणी. वढ्यातनं.”

आम्ही मागे जाऊन बघितलं. दोन ठोकळे खोल ओढ्यातून पाणी वळसा घालून परसात शिरलं होतं. फ्लड फिलने वाट शोधली होती. सोप्या पद्धतीत हे दिसलंच नसतं, कारण तिथे वाट नावाची गोष्टच नाही. आता शिक्षक म्हणून एक सांगायला हवं : हा पुरावा नव्हे. ओढ्याची खोली आम्ही आजींच्याच सांगण्यावरून ठेवली होती, त्यामुळे उत्तर त्यांच्या आठवणीशी जुळलं यात नवल कमी. पण परसातून पाणी येईल हे आम्ही कोणी कोडमध्ये लिहिलं नव्हतं, एवढं खरं.

अठराला उंबरा गेला. एकोणिसाला नातीने विचारलं, “आजी, पुढं टाकू?” त्या म्हणाल्या, “टाक की. तवा कुणी इचारलं हुतं?”

पाण्याचा हिशोब

आपलं पाणी आपोआप जन्मत नाही, म्हणून आता ते मोजता येतं. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. वर्तमानपत्रात धरणाचा साठा टीएमसीत येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २ कोटी ८३ लाख घनमीटर. आमचा आख्खा चौकोन जमीन काढून टाकून ४८ मीटर उंचीपर्यंत काठोकाठ भरला तरी ७६ लाख ८० हजार घनमीटर होतात. पाव टीएमसीपेक्षा थोडंसं जास्त. एक गाव बुडालं आणि आकड्यात पाव टीएमसीच्या आसपास! मुलांनी तो भागाकार तीनदा केला.

तुमच्या नकाशावर तुम्ही हे करून पाहा : प्रत्येक पातळीला किती ठोकळे भरले ते वहीत लिहा आणि आलेख काढा. सुरुवातीला एक मीटर पाणी चढायला थोडे ठोकळे लागतात, कारण दरी अरुंद असते. वर वर दरी रुंदावते आणि त्याच एका मीटरला कितीतरी जास्त लागतात. आलेख सरळ रेषेत येत नाही, वर वळतो. धरण ‘निम्मं भरलं’ म्हणतात तेव्हा पाणी निम्म्या उंचीवर नसून बरंच वर असतं, ते यामुळे. आणि उजनी ‘उणे’ टक्क्यांत गेलं अशी बातमी येते तेव्हा तळ कोरडा पडलेला नसतो. उपयुक्त साठा संपून मृत साठा वापरात आलेला असतो. आम्ही मृत साठ्याची पातळी म्हणून वाय बरोबर आठ धरली आणि त्याखालचे ठोकळे वेगळ्या रंगाचे केले. गुणधर्म तेच, फक्त रंग वेगळा. दुसरी नोंद दोन मिनिटांत होते.

पाणी उतरवतानाही आज्ञा तीच, आकडा लहान द्यायचा. एक खबरदारी घ्या : मॉडने फक्त आपल्या नावाचं पाणी काढावं. आम्ही सुरुवातीला ‘पातळीच्या वरचं सगळं पाणी काढ’ लिहिलं होतं, त्यात देवळाजवळच्या बारवेचं साधं पाणीसुद्धा गेलं. आजींच्या ते लगेच लक्षात आलं. “बारव कधी आटली न्हवती,” म्हणाल्या. आता ती बारव भरलेली आहे, आणि चौदाच्या खाली पातळी आणली की देवळाच्या पायऱ्या एकेक करून वर येतात. सतराच्या सतरा आहेत का ते पातळी दोनवर आणून त्यांनी स्वतः मोजलं. सोळाच निघाल्या. एक पायरी पुढच्या शनिवारी बसवायची आहे.